कपडा कुठे थांबतो ते आधी बघा

नाशिकहून एका ताईंचं पत्र आलं आहे. वय ४७, सहकारी बँकेत नोकरी, उंची पाच फूट. त्या लिहितात, "कमरेला आणि दंडांना मी भरलेली आहे, मान आखूड. मुलगी पुण्याला असते, ती सारखे फोटो पाठवते. खणाचा को-ऑर्ड सेट, ऑर्गन्झा साडी, आखूड कुर्ता आणि खाली रुंद पँट, लांब बाह्यांचं मखमली ब्लाऊज. गौरी-गणपती, नवरात्र, दिवाळी आणि डिसेंबरात सांगलीला पुतण्याचं लग्न, एवढी खरेदी समोर आहे. मध्यंतरी जावेची ऑर्गन्झा नेसून पाहिली तर घरातले म्हणाले, जाड दिसतेस. तेव्हापासून धीर होत नाही. माझ्यासारखीने हे सगळं घालावं का, की आता काठपदरावरच थांबावं?"

प्रिय ताई,

घालावं. यादीतल्या तीन गोष्टी तुम्हाला जशाच्या तशा शोभतील आणि चौथी कापड बदलून शोभेल. पण त्या 'जाड दिसतेस'चा निकाल आधी लावू, कारण त्यात तुमच्या शरीराचा काही दोष नाही. तो पन्ह्याचा, म्हणजे कापडाच्या रुंदीचा, हिशेब आहे.

साडीचा पन्हा साधारण ४५ ते ४७ इंच असतो. पाच फूट उंचीच्या बाईचं साडी खोचायच्या जागेपासून जमिनीपर्यंतचं अंतर ३६-३७ इंचांच्या आसपास भरतं. म्हणजे आठ-दहा इंच कापड कमरेत आत जातं, तेही दोन फेऱ्यांमध्ये आणि शिवाय निऱ्यांमध्ये. मलमल किंवा क्रेप असेल तर ते आत चपटं बसतं, कुणाला कळतही नाही. ऑर्गन्झा कडक, तिला दुमड मान्य नाही, ती आतल्या आत उभी राहते. पोटावर जो फुगवटा दिसला तो बहुतेक त्या आठ-दहा इंचांचा. साडेपाच फूट उंचीच्या मुलीच्या कमरेत तेवढं कापड जातच नाही, म्हणून फोटोत ती साडी सपाट दिसते.

आता यावर उपाय आहेत. एक, परकर. नाडीचा, चुण्यांचा सुती परकर ऑर्गन्झाखाली नको. कळ्यांचा, वर सपाट पट्टी आणि बाजूला हूक असलेला शिवून घ्या, साडीच्याच रंगाचा, कारण ऑर्गन्झातून आतलं सगळं दिसतं. दोन, निऱ्या सात-आठ घालू नका. पाच घाला, जरा रुंद घाला, खोचायच्या आधी वरून इस्त्री फिरवा आणि खोचल्यावर दोन बोटं खाली आतून पिन लावा. तीन, पदर मोकळा सोडायचा मोह टाळा. मोकळ्या पदराने दंडावर आणि छातीवर कापडाचा तंबू होतो. चार बोटं रुंदीच्या चुण्या घालून खांद्यावर पिन करा.

एवढं करून ऑर्गन्झा नेसता येते. तरी माझं मत विचाराल तर दिवाळीसाठी तुम्ही ऑर्गन्झाऐवजी टिशू काठाची महेश्वरी किंवा मऊ चंदेरी घ्या. पारदर्शकपणाची, झुळझुळीची तीच हौस भागते आणि कमरेत गठ्ठा होत नाही. ऑक्टोबरच्या उकाड्यात पॉलिएस्टरच्या ऑर्गन्झात जीव नकोसा होतो, आणि बाजारात स्वस्त म्हणून जी मिळते ती बहुतेक पॉलिएस्टरचीच असते.

आता मुख्य गोष्ट सांगते. फॅशनवर लिहिणारे लोक 'पेअर शेप', 'ॲपल शेप' असे शरीराचे प्रकार पाडतात. मला ते कधी पटलेलं नाही. बाई म्हणजे फळ नाही. कोणताही नवा कपडा बघताना एकच प्रश्न विचारा: हा कपडा माझ्या अंगावर कुठे थांबतो? बाहीची कड, कुर्त्याचा घेर, पँटची मोहरी, पदराचं टोक, हे सगळं जिथे थांबतं तिथे एक आडवी रेघ तयार होते आणि बघणाऱ्याची नजर त्या रेघेवर जाते. रेघ दंडाच्या सर्वांत भरलेल्या जागी आली की दंड दिसतो. तीच रेघ दोन इंच खाली आली की कोपर दिसतं, आणि कोपर सगळ्यांचंच बारीक असतं.

हे घरी करून बघा. जुन्या ओढणीची वीतभर रुंद घडी घाला. आरशासमोर पँट आणि साध्या टी-शर्टवर उभ्या राहा, ती घडी कमरेशी धरा आणि हळूहळू खाली सरकवत न्या. बेंबीखाली, मग शिंपी ज्याला सीट म्हणतात तिथे, मग मांडीच्या मध्यावर, मग गुडघ्याशी. दोन-तीन जागा अशा येतील की तुमचं तुम्हालाच वाटेल, हे छान दिसतंय. त्या जागांचं खांद्यापासूनचं माप टेपने घ्या आणि लिहून ठेवा. तुमच्या कुर्त्यांची उंची ती. दुकानातल्या 'एम' आणि 'एक्सएल'पेक्षा हे आकडे जास्त उपयोगी पडतात.

आखूड कुर्ता आणि रुंद पँट याच मापाने ठरवायची. कुर्ता सीटच्या सर्वांत रुंद जागी संपला तर तुमची उंची बरोबर अर्ध्यात कापली जाते. त्यापेक्षा तो वर, कमरेच्या हाडाशी थांबू द्या, म्हणजे खाली पाय लांब दिसतात. पोटावर आखूड नको वाटत असेल तर सरळ मांडीच्या मध्यापर्यंत न्या. मधली जागा टाळा. पँट घोट्याच्या हाडापर्यंत हवी, पोटरीच्या मधोमध संपणारी तुम्ही घेऊ नका, पाच फुटांत ती पाय तोडते. पुढे सपाट पट्टी आणि इलॅस्टिक फक्त मागे, असा कमरपट्टा शोधा. कापड खाली पडणारं हवं, क्रेप किंवा लिनन-व्हिस्कोस. खळ दिलेल्या कडक कॉटनची रुंद पँट दोन्ही बाजूंना उभी राहते. आणि कुर्त्याचा बाजूचा कट कुठे सुरू होतो तेही बघा. तो सीटच्या जरा वर सुरू व्हायला हवा. खाली सुरू झाला तर सीटवर कुर्ता ओढला जातो आणि दिवसभर तो खाली खेचत बसावं लागतं.

खणाचा सेट मात्र खुशाल घ्या. वरपासून खालपर्यंत एकच कापड, एकच रंग असला की नजर मध्ये अडखळत नाही, उंची सलग दिसते. पाच फुटांच्या बाईला को-ऑर्ड सेटसारखी सोय नाही. खण मुळात चोळीचं कापड, कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचं, त्यामुळे हातमागाच्या खणाचा पन्हा अरुंद असतो. चोळीला पुरतो, कुर्त्याला जोड द्यावा लागतो. जोड येणारच असेल तर तो उभा आणि समोर घ्यायला सांगा, काठाची पट्टी गळ्यापासून खालपर्यंत दोन्ही बाजूंनी सोडा. तीच उभी रेघ तुमच्या कामाची. काठ घेराला आडवा लावायची शिंप्यांना फार सवय असते, तो तिथे नको. खण कडक असल्यामुळे चुण्या, फ्रॉक, अनारकली हे प्रकार त्यात शिवू नका, सरळ कट शिवा. आणि अस्तर लावाच. खणाच्या उलट्या बाजूला सुटे धागे असतात, ते अंगाला टोचतात, बांगडीत अडकतात. अस्तराचं सुती कापड शिवायला देण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवा. नाहीतर पहिल्या धुण्यात अस्तर आटतं, वरचा खण आटत नाही, आणि शिवणीवर सुरकुत्या पडतात त्या कायमच्या. शिंपी हे आपणहून करेलच असं नाही, आपण सांगावं लागतं.

गौरी-गणपतीत पाऊस असतोच. तेव्हा इरकल किंवा सुती-रेशमी मिश्र साडी बरी, गडद अंगाची. नवी नीळ रंगाची, इंडिगो छपाईची साडी त्या दिवसांत नको. ओल्या हवेत तिचा रंग परकराला आणि पर्सला लागतो.

आता ब्लाऊज. ताई, या हंगामात पैसे कुठे घालावेत असं तुम्ही मला विचारलंत तर मी म्हणेन, साडीत हजार रुपये कमी घाला आणि ब्लाऊजच्या शिलाईत ते वाढवा. साडी सैलघट्ट कशीही सावरता येते, ब्लाऊज सावरता येत नाही. चाळिशीनंतर खांदे, पाठ, दंड सगळ्यांची ठेवण बदलते, पण आपण शिंप्याकडे दहा वर्षांपूर्वीचं मापाचं ब्लाऊज देतो आणि 'यापेक्षा जरा सैल' म्हणून निघून येतो. जरा सैल म्हणजे कुठे? खांद्यात सैल केलं तर ते घसरणार. छातीत केलं तर बगलेत झोळ येणार.

नव्याने अंगावर माप द्या. लग्नाला जी ब्रेसियर घालणार असाल तीच घालून द्या, कारण तिच्या पट्ट्यांवर टक्स, म्हणजे छातीला आकार देणाऱ्या चिमट्या, कुठे येणार ते ठरतं. मग मुंढा, म्हणजे बाही जिथे जोडतात ती गोलाई. बायकांना वाटतं मुंढा खोल असला की हात मोकळा राहतो. उलट आहे. मुंढा खाली उतरला की हात वर करताना बाहीबरोबर सगळं ब्लाऊज वर चढतं, खालून पोट उघडं पडतं. मुंढा बगलेला लागून, बाही मात्र दंडात जरा ऐसपैस, असं सांगा. शिवून आलं की दुकानातच हात वर करून बघा, आरतीचं ताट धरल्यासारखे दोन्ही हात पुढे घ्या. ब्लाऊजची खालची पट्टी जागेवर राहिली तर शिवण जमलं.

बाही कोपराच्या दोन बोटं वर किंवा कोपराच्या खाली, पाऊण. सध्या कोपरापर्यंतच्या बाह्या आणि लांब बाह्या दोन्ही चालू आहेत, म्हणजे यंदाची चाल तुमच्या बाजूची आहे, तिचा फायदा घ्या. फुग्याची बाही नको. स्लीव्हलेस तुम्हाला आवडत असेल तर अवश्य घाला, दंड भरलेले म्हणून हौस मारू नका. खांद्याची पट्टी मात्र रुंद ठेवा, दोरीएवढी नको.

गळा पुढून खोल गोल किंवा व्ही. मान आखूड असल्यामुळे बोटनेक तुम्हाला नाही, त्याची आडवी रेघ थेट गळ्याखाली येते. मागे खोल गळा आणि दोरी चालेल, पण खोल पुढे आणि खोल मागे असं दोन्ही केलं की खांदा घसरतो, मग समारंभभर एक हात त्याच कामाला लागतो. पातळ कापडाचं ब्लाऊज असेल तर प्रिन्सेस कट, म्हणजे टक्सऐवजी वरपासून खालपर्यंत उभी शिवण, घ्या. त्यात टक्सची टोकं छातीवर उठून दिसत नाहीत. आणि आत दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच माया, म्हणजे शिवणीच्या आतलं जादा कापड, सोडायला सांगा. माया न सोडता कापड वाचवणारा शिंपी बदलावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

कॉन्ट्रास्ट ब्लाऊजबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण मुलीने पाठवलेल्या फोटोंत ते असणारच. रंग वेगळा घ्या, गडदपणा सारखा घ्या. बाटली-हिरव्या साडीवर गडद जांभळं ब्लाऊज चालतं. बाटली-हिरव्यावर फिकट गुलाबी घातलं की कमरेशी तुमचे दोन तुकडे होतात.

रंगांचं म्हणाल तर यंदाही कॉफीच्या छटा सगळीकडे आहेत. पॅन्टोन कंपनीने २०२५ सालाचा रंग म्हणून 'मोका मूस' जाहीर केला, तेव्हापासून दुकानांत तपकिरीची लाट आली ती ओसरलेली नाही. गव्हाळ, सावळ्या वर्णावर तपकिरी एकटी आली की चेहरा उतरलेला दिसतो. तिच्यासोबत झेंडूचा पिवळा किंवा जुन्या सोन्यासारखी जर काठाला हवी. कोणताही रंग दुकानातल्या पांढऱ्या दिव्याखाली पसंत करू नका. साडीची घडी घेऊन दुकानाच्या दारात या, उजेडात हनुवटीखाली धरा. डोळ्यांखालची काळी वर्तुळं जास्त दिसू लागली तर तो रंग चेहऱ्याजवळ नको. फारच आवडला असेल तर पँटला घ्या.

बँकेत नवरात्राचे नऊ रंग असतीलच. ही चाल एका मराठी दैनिकाने रुजवली, त्याला वीसेक वर्षं झाली. त्यात सणाचा नियम वगैरे नाही, पण काउंटरवरच्या सगळ्या बायका एका रंगात उभ्या राहतात तेव्हा फार छान वाटतं, हे मी मनापासून सांगते. त्यासाठी नऊ साड्या नकोत. एक मोतिया रंगाचा साधा कुर्ता-पँट शिवा आणि रोज ओढणी बदला. ओढणी खांद्यावरून सरळ खाली सोडा, गळ्याभोवती गुंडाळू नका, मानेला जागा राहू द्या.

राहिलं पुतण्याचं लग्न. मखमल ही ती चौथी गोष्ट. मखमल अंगाला जाडी देते आणि सांगलीत डिसेंबरातही दुपारी मांडवात ऊन जाणवतं. मखमलीऐवजी मश्रूचं ब्लाऊज शिवा. मश्रू बाहेरून रेशमी आणि आतून सुती, अंगाला सूतच लागतं. चमक तीच आणि बाह्या पाऊण ठेवता येतात.

साडी पैठणी घ्या, आणि पुण्या-मुंबईच्या दुकानात जाऊ नका. येवला तुमच्याच जिल्ह्यात आहे. पैठणीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, पण तो शिक्का वाचण्यापेक्षा साडी उलटून बघणं जास्त खात्रीचं. हातमागाच्या पैठणीचा पदर उलट्या बाजूनेही जवळजवळ तसाच स्वच्छ दिसतो, सुटे धागे लोंबत नाहीत. सध्या वीतभर रुंद काठाच्या, ब्रोकेडच्या पैठण्या फार खपतात. तुमच्या पाच फुटांत असा काठ खालून गुडघ्याच्या दिशेने वर चढत जातो आणि मधलं अंग दिसेनासं होतं. दोन ते चार इंचांचा काठ मागा, अंगावर बारीक बुट्टी, आणि पदर हवा तेवढा भरगच्च, कारण पदराची हौस तिथेच करायची. हवा तसा विणून घ्यायचा असेल तर आत्ताच सांगून ठेवा, हातमागाला वेळ लागतो. नेसताना पदर गुडघ्याच्या जरा खाली उतरू द्या. तो सीटवर संपला तर मागून तीच आडवी रेघ येते जी आपण कुर्त्यात टाळली. चपला आधी घाला, साडी मग नेसा.

दागिन्यात आखूड मानेला ठुशी घट्ट बसवू नका. तिचा गोंडा सैल करून ती गळपट्टीच्या हाडावर टेकू द्या, आणि खाली मोहनमाळ किंवा पोहेहार घाला, म्हणजे नजर उभी खाली उतरते. घरात सासूबाईंची किंवा आईची जुनी पैठणी असेल आणि कुणी तिचा ड्रेस किंवा जॅकेट शिवायचं सुचवलं, तर घड्यांवर विरली नसेल तोवर कापू देऊ नका. नेसा. जुन्या रेशमाची पडण नव्याला येत नाही.

आत्ता श्रावण चालू आहे. नवरात्र बसलं की चांगले शिंपी दिवाळीचं शिवण घेणं बंद करतात, म्हणून लग्नाचं ब्लाऊजसुद्धा गणपतीच्या आधी टाकून द्या, दोन फिटिंगच्या बोलीवर. पहिलं फिटिंग कच्च्या शिवणीवर. दुसरं लग्नाच्या दहा-बारा दिवस आधी, साडी नेसून. तेव्हा उभ्या राहून बघू नका नुसतं, खुर्चीत बसा, वाका, दीर्घ श्वास घ्या. हूक कुठे ओढला जात असेल तर तिथल्या तिथे आतली माया अर्धा इंच सोडायला सांगा आणि घेऊनच घरी या.